शहाण्यांनी करू नये असं काम

रविवारी पहाटे साडेपाचला मी स्कूटर बाहेर काढतो तेव्हा समोरच्या घरचे काकाजी मफलर गुंडाळून फाटकाशी पेपरची वाट पाहत उभे असतात. गेल्या रविवारी त्यांनी विचारलंच.

"काहून बाप्पा, आजबी?"

"आजही, काकाजी. मानकापूरले जिल्ह्याची स्पर्धा आहे."

"पैसे भेटतात काय?"

"नाही."

"मंग पोरगा खेळून राह्यला असंन तुमचा."

"त्यानं खेळणं सोडून सहा वर्षं झाली. पुण्याले नोकरीवर आहे तो."

काकाजी थांबले. सारी हयात सरकारी हिशेबात गेलेली. बेरीज जुळली नाही की त्यांना चैन पडत नाही. "मंग तुमी कायले जाता?"

मला उशीर होत होता, म्हणून "येतो काकाजी" एवढंच म्हणून निघालो. पण त्यांचा प्रश्न सरळ होता आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. त्यांच्या हिशेबाने आम्ही सगळे वेडे आहोत. आम्ही म्हणजे तायक्वांदोच्या क्लबांतले सर, मॅडम, पंच, टेबलावर नोंदी करणारे पालक आणि मॅट घालणारे-उचलणारे मोठे विद्यार्थी. काकाजींचा हिशेब चुकलेला नाही. वेड असल्याशिवाय हे काम होत नाही. या वेडाची मला आज स्तुती करायची आहे, आणि ती मी शब्दशः करणार आहे.

आधी खेळाविषयी थोडं. ता म्हणजे पाय, क्वॉन म्हणजे मूठ, दो म्हणजे मार्ग. हे नाव १९५५ साली ठरलं. त्याआधी कोरियात निरनिराळ्या आखाड्यांत निरनिराळ्या नावांनी हे शिकवलं जाई. १९७२ साली सोलमध्ये कुक्कीवॉन, म्हणजे तायक्वांदोचं मुख्य केंद्र, उभं राहिलं, १९७३ साली जागतिक संघटना आली. १९८८ आणि १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून होता आणि २००० साली सिडनीत तो पदकांचा झाला. भारतात सत्तरच्या दशकात जिमी जगतियानी यांनी तो आणला. विदर्भाला असल्या गोष्टी नव्या नव्हत्या. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून शरीर कमावण्याचं शिक्षण देत आलंय आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलंय. तालीम आणि वस्ताद हे शब्द ज्या मुलखात घरोघरी कळतात, तिथे कोरियातून आलेला एक नवा आखाडा रुजायला वेळ लागला नाही. आज नागपुरात शाळेच्या पटांगणात, समाजभवनात, मंगल कार्यालयाच्या गच्चीवर, कुठे ना कुठे संध्याकाळी पांढऱ्या ड्रेसमधली पोट्टी लाथा उचलताना दिसतात.

पहिली स्तुती वाट पाहणाऱ्यांची.

जिल्हा स्पर्धेचा दिवस वजनापासून सुरू होतो. सकाळी सातला मुलं रांगेत उभी राहतात, काटा पाहिला जातो, जन्माचे दाखले तपासले जातात. मग लॉट्स पडतात आणि कुणाची फाईट कोणाशी ते कळतं. काटोल, उमरेड, रामटेक, सावनेरची मुलं पहिल्या एसटीने आलेली असतात. त्यांच्यासोबत एक बाप, एक आई, कधी आजोबा. डब्यात पराठे असतात, बाहेरच्या टपरीवरून आलूबोंडे येतात, हंगाम असेल तर पिशवीत संत्री. आणि मग दुपारी तीनपर्यंत त्या मुलाचं नाव पुकारलं जात नाही. फेरी दोन मिनिटांची. गुणांचा फरक फार वाढला तर ती त्याआधीच संपते. मी असा एक बाप पाहिला आहे की जो सुटीच्या दिवसाची मजुरी बुडवून आला, आठ तास थांबला आणि त्याचं पोरगं पुरतं एक मिनिटही मॅटवर टिकलं नाही. पोरगं रडत खाली आलं. बापाने त्याचं हेड गार्ड सोडलं, घाम पुसला आणि म्हणाला, "हात खाली होते तुझे. पुढच्या टायमाले वर ठेवजो." मग दोघं गेले नाहीत. बाकीच्या फाईट पाहत बसले.

या बापाला शहाणा माणूस म्हणेल, दिवस वाया गेला. मी म्हणतो, हरायला सुद्धा जागा लागते आणि ती जागा मुलांच्या आयुष्यातून कमी होत चालली आहे. इथे हार सगळ्यांसमोर होते, आपल्याच वयाच्या, आपल्याच वजनाच्या मुलाकडून होते, आणि ती संपली की त्याला वाकून नमस्कार करावा लागतो. त्याच्या सरांनाही जाऊन नमस्कार करावा लागतो. नऊ-दहा वर्षांचं मूल डोळ्यांत पाणी असताना समोरच्या कोपऱ्यात चालत जातं आणि ज्याने समोरच्याला आपल्याला हरवायला शिकवलं त्या माणसापुढे मान झुकवतं. याहून अवघड लाथ या खेळात नाही. त्यासाठी आठ तास थांबावं लागत असेल, तर थांबणारा बाप माझ्या लेखी मोठा माणूस आहे.

दुसरी स्तुती त्या परक्या शब्दांची. मॅटवर मधला पंच मराठी बोलत नाही, हिंदीही नाही. चार्योत, सावधान. क्यूंग्ये, नमस्कार. जुन्बी, तयार. शीजाक, सुरू. काल्यो, थांबा. केसोक, पुढे चालू. कुमान, संपलं. निळ्या कोपऱ्याला चुंग, लालला हाँग. लोक विचारतात, नागपूरच्या पोट्ट्यांना कोरियन कशाला? मला हे पटायला काही वर्षं लागली, पण आता पूर्ण पटलंय. आमच्या मॅटवर वऱ्हाडी बोलणारं खेड्यातलं पोर येतं, मोमिनपुऱ्याची उर्दू बोलणारी मुलगी येते, सदरच्या कॉन्व्हेंटची इंग्रजी बोलणारी येते. पंचाची भाषा त्यांच्यापैकी एकाचीही नाही. त्यामुळे ती एकाचीही जास्त नाही. आज्ञा सगळ्यांना सारख्याच दुरून येतात आणि सगळे त्या सारख्याच पाठ करतात. दहा शब्दांच्या त्या चौकटीत तरी कुणाच्या बोलण्यावरून कुणाचं घर कळत नाही.

तिसरी स्तुती बेल्टची, आणि इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे.

बेल्ट म्हणजे दुहेरी शिवणीची सुती पट्टी. बाजारात ती कुणालाही मिळते. काळी सुद्धा. ज्युदोच्या जिगोरो कानो यांनी १८८० च्या दशकात जपानमध्ये दानांची, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या दर्जांची, पद्धत सुरू केली, पुढे युरोपात ज्युदो शिकवताना मधले रंग रुळले आणि तिथून ते सगळ्या मार्शल आर्टमध्ये आले. तायक्वांदोत पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, लाल आणि मग काळा. मध्ये पट्टीवाले अर्धे टप्पे. काळ्याच्या आतही नऊ पायऱ्या आहेत. कुक्कीवॉनच्या नियमाने पहिल्या दानाहून दुसऱ्याला किमान एक वर्ष, दुसऱ्याहून तिसऱ्याला दोन, तिसऱ्याहून चौथ्याला तीन, असं वाढत वाढत आठव्याहून नवव्याला नऊ वर्षं. पंधरा वर्षांखालच्या मुलाला दान मिळत नाही, पूम मिळतो. त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा. म्हणजे ज्यांनी ही रचना केली त्यांनी घाईला जागाच ठेवली नाही.

घाई आम्ही आणतो. बेल्ट टेस्ट दर तीन-चार महिन्यांनी होते. परीक्षेची फी असते. सगळे पास झाले तर सगळे खूश, क्लब भरलेला, पुढच्या बॅचची चिंता नाही. मूल नापास झालं तर पालक नाराज होतात, आणि दोन गल्ल्या सोडून दुसरा क्लब असतोच. अशा वेळी एखाद्या परीक्षकाने मुलाला नापास करणं म्हणजे व्यवहारात शुद्ध वेडेपणा. त्या वेडेपणाचा एक प्रसंग मी दोन हातांच्या अंतरावरून पाहिला आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शाळेचा हॉल, उन्हाळ्याचे दिवस. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि तायक्वांदोचा ड्रेस जाड कापडाचा असतो. कूलर एका कोपऱ्यात, त्याची हवा पहिल्या रांगेपुरती. मी परीक्षकांच्या टेबलावर गुण लिहून घेत होतो. नऊ वर्षांची एक मुलगी पूमसे करायला आली. पूमसे म्हणजे ठरलेल्या क्रमातल्या हालचाली, काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी एकट्याने केलेली लढत. रंगीत बेल्टसाठी असे आठ पूमसे आहेत, तेगुक नावाचे, आणि प्रत्येकाशी निसर्गातलं एक तत्त्व जोडलेलं आहे. तिला तिसरा करायचा होता, तेगुक साम जांग. त्याचं तत्त्व अग्नी.

पूमसेचा एक नियम फार सुंदर आहे: जिथून सुरुवात केली तिथेच शेवट यायला हवा. पावलं सारखी पडली, वळणं बरोबर घेतली तर शेवटचा ठोसा मारून माणूस आपोआप पहिल्या जागी उभा असतो. परीक्षकांनी फरशीवर खडूने एक छोटी रेघ मारून ठेवली होती. मुलीचा जोर चांगला होता, आवाज खणखणीत होता. मधल्या एका वळणावर ती अडली, क्षणभर शेजारच्या मुलाकडे पाहिलं, पाऊल आखूड पडलं. शेवट झाला तेव्हा ती रेघेपासून चांगली हातभर पुढे उभी होती. तिने स्वतः खाली पाहिलं. तिला कळलं होतं.

परीक्षक उठले, तिच्याजवळ गेले आणि गुडघ्यावर बसले, म्हणजे त्यांचे डोळे तिच्या डोळ्यांसमोर आले. म्हणाले, "किक छान आहे बेटा. वळण चुकलं. तीन महिन्यांनी परत ये, ही रेघ इथेच असेल." तिने मान हलवली आणि रांगेत जाऊन बसली.

तिच्या आईने मात्र टेबल गाठलं. उन्हात स्कूटर चालवत आली होती, तिचा संताप मला आजही समजतो. "एवढ्या उन्हात पोरगी रोज येते सर. एका पावलासाठी? फी तर घेतली ना तुम्ही!"

सर आवाज न चढवता म्हणाले, "फी परीक्षेची आहे ताई. बेल्टची नाही."

मला वाटतं, खेळ शिकवणाऱ्या प्रत्येक ठिकाणी हे एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं. ज्या परीक्षेत नापास होताच येत नाही तिथे पास होण्याला काय अर्थ उरतो? त्या दिवशी जी सतरा-अठरा मुलं पास झाली, त्यांच्या बेल्टला किंमत आली ती या एका मुलीमुळे. आणि ती किंमत त्या सरांनी स्वतःच्या खिशातून मोजली; कारण पुढच्या महिन्यात त्यांच्या क्लबातून दोन मुलं गेली. याला काकाजी तोटा म्हणतील. हिशेबात तो तोटाच आहे. पण असा तोटा सोसणारी माणसं एखाद्या गावात संपली की त्या गावातली सगळी प्रमाणपत्रं एका रात्रीत रद्दी होतात, हे काकाजींसारख्या हिशेबाच्या माणसाला मी सांगायला नको.

चौथी स्तुती पंचांची.

आपल्या भाषेत पंचाला परमेश्वराच्या शेजारी बसवलंय. मॅटवर मात्र त्याच्या वाट्याला देवपण येत नाही. दिवसभर उभं राहायचं, अनवाणी किंवा पातळ तळव्याच्या बुटांत. दोन मुलांच्या पायांच्या पल्ल्याबाहेर राहायचं आणि तरी दोघांमध्ये झेप घेता येईल इतकं जवळ राहायचं. रेघेबाहेर पाऊल गेलं, मूल पडलं, धरलं, कमरेखाली लाथ मारली, काल्यो म्हटल्यावरही मारली, तर गमजॉम, म्हणजे दंड, द्यायचा. एका गमजॉमला समोरच्याला एक गुण. ठोशाला एक गुण, छातीवर लाथेला दोन, डोक्याला तीन, गिरकी घेऊन मारली तर छातीला चार आणि डोक्याला पाच. मुलं चपळ असतात. हलकं पोरगं हवेत गिरकी घेतं तेव्हा ती लाथ हेड गार्डला लागली की नुसती वाऱ्याने गेली, हे ठरवायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ नसतो. आणि तेवढ्या वेळात बाजूने दोन्हीकडचे पालक आपापला निर्णय देऊन मोकळे झालेले असतात.

चूक होते. सगळ्यात मोठ्या मॅटवरही होते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २३ ऑगस्टला ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सनची चीनच्या चेन झोंगच्या चेहऱ्यावर बसलेली लाथ पंचांनी मोजली नाही. चेन दोन वेळची ऑलिंपिक विजेती, प्रेक्षक तिचेच. तिला विजयी जाहीर केलं गेलं. मग ब्रिटनने तक्रार केली, चित्रफीत पाहिली गेली आणि निकाल फिरवला. भरलेल्या घरच्या मैदानात चूक मान्य करायला किती छाती लागते याचा विचार करा. त्याच दिवशी क्यूबाचा आंखेल माटोस, सिडनीचा सुवर्णपदक विजेता, दुखापतीसाठी मिळालेला एक मिनिट संपल्यावरही उभा राहिला नाही म्हणून बाद ठरला. चिडून त्याने पंचाच्या तोंडावर लाथ मारली. त्याच्यावर आणि त्याच्या प्रशिक्षकावर आजन्म बंदी आली.

हे दूरदेशी घडलं म्हणून सोडून देता येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागातल्या लढतीत निर्णय न पटलेल्या मल्लाने पंचाची कॉलर धरली आणि त्याला लाथ मारली. त्या दिवशीच्या गोंधळानंतर दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी घातली गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या क्लबातल्या मुलांच्या मोबाईलवर तो व्हिडिओ फिरत होता. सरांनी सराव थांबवला, सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, "निर्णय चुकला असेल असं धरून चाला. मग काय करायचं?" पोट्टी गप्प. मग एक तेरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "नमस्कार करायचा, खाली यायचं आणि सरांना सांगायचं." सर म्हणाले, "आणि सरांनी?" मुलगा म्हणाला, "कार्ड दाखवायचं." प्रशिक्षकाला दाद मागायला कार्ड असतं; दाद मान्य झाली तर ते परत मिळतं, नाही तर गेलं. अन्यायाविरुद्ध लढायची एक रीत असते आणि ती रीतच खेळाचा भाग आहे, हे त्या पोराला कळलेलं होतं. हे कळलेली किती मोठी माणसं आपण रोज पाहतो?

बीजिंगनंतर या खेळात यंत्रं आली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून छातीच्या कवचात विजेची जाळी, पायमोज्यांत संवेदक, लाथ पुरेशा जोराने बसली तर गुण आपोआप फलकावर. यंत्राचं मला वावडं नाही. परवडलं तर प्रत्येक तालुक्यात असावं. पण ते महाग आहे, आणि छोट्या स्पर्धांमध्ये अजूनही कोपऱ्यांवर तीन माणसं हातात बटण घेऊन बसतात आणि तिघांपैकी दोघांनी जवळजवळ एकाच क्षणी दाबलं तरच गुण मिळतो. हे तिघं कोण असतात? कुणी शाळेत पीटीचे शिक्षक, कुणी बँकेत कारकून, कुणी कॉलेजात शिकणारी ब्लॅक बेल्ट मुलगी. मानधन मिळालं तर पेट्रोलपुरतं. नाही तर सकाळचे तर्री पोहे आणि दुपारचं जेवण. यातल्या एकाला मी स्वतःच्या क्लबच्या मुलाविरुद्ध शेवटच्या दहा सेकंदांत बटण दाबताना पाहिलंय. मुलगा एका गुणाने हरला. दुसऱ्या दिवशी दोघं एकाच मॅटवर सराव करत होते. मुलाने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मला विचाराल तर पंच परमेश्वर म्हणतात तो हाच.

आता ज्या गोष्टींची स्तुती मी करणार नाही, त्या सांगतो. लोक त्यांना वेड म्हणत नाहीत, व्यवहार म्हणतात.

वजन गटात बसावं म्हणून बारा वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी उपाशी ठेवणं, दोन स्वेटर घालून पळवणं, पाणी बंद करणं, हा व्यवहार आहे. हे वाढत्या शरीराशी केलेलं पाप आहे. मूल वरच्या गटात खेळून हरलं तर काही बिघडत नाही. जन्माच्या दाखल्यात एक वर्ष कमी करून आणणं हा व्यवहार आहे. त्या एका वर्षाने समोरच्या लहान पोराचा जबडा धोक्यात येतो, आणि आपल्या मुलाला आपण स्वतःच्या हाताने पहिलं खोटं शिकवतो. गटांची इतकी वाटणी करायची की प्रत्येक गटात दोन-तीनच मुलं उरावीत आणि सगळ्यांच्या गळ्यात काहीतरी पडावं, हाही व्यवहार. ज्याच्यापुढे कुणी उभंच राहिलं नाही त्या मुलाच्या गळ्यातलं सुवर्णपदक त्याला एक दिवस जड होतं. मी ते जड होताना पाहिलंय.

आणि प्रमाणपत्रं. टेबलावर बसलं की दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न "कोण जिंकलं?" हा नसतो. तो असतो, "सर, हे सर्टिफिकेट चालते ना?" विचारणाऱ्यांचा दोष नाही. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, आणि ज्या घरात पहिल्यांदा कुणी दहावीपर्यंत पोचलंय त्या घरासाठी तो कागद म्हणजे दार आहे. म्हणूनच तो कागद खरा असणं ही आमची जबाबदारी आहे. एकाच खेळाच्या एकाहून अधिक संघटना, प्रत्येकीची वेगळी जिल्हा स्पर्धा, वेगळा शिक्का, वेगळी मान्यता, आणि कोर्टात खेटे. यात मोठ्यांचं काय ते होवो, मार खातं ते उमरेडचं पोर. त्याने खरी लाथ मारलेली असते आणि त्याच्या हातात न चालणारा कागद असतो. हे भांडण मिटवण्याचं थोडंसं वेड कुणी दाखवलं तर मी त्याची स्तुती वेगळी लिहीन.

खेळाडूंना देण्यासारखी उदाहरणं कमी नाहीत. हरियाणाची अरुणा तन्वर तायक्वांदोतून टोकियो पॅरालिंपिकला गेली, पॅरालिंपिकपर्यंत पोचलेली ती पहिली भारतीय तायक्वांदोपटू. अरुणाचलच्या रूपा बायोरने २०२४ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पूमसेत कांस्य जिंकलं. तोच पूमसे, ज्यात एकट्याने वळणं घ्यायची आणि निघालो तिथे परत यायचं. आमच्या नागपूरने तर दिव्या देशमुखला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून घरी येताना पाहिलंय. मोठं यश गावात येतं तेव्हा त्याच्या मागे कुठेतरी एक लहान हॉल असतो, त्यात रविवारी पहाटे दिवे लावणारं कुणीतरी असतं. मी त्या दिवे लावणाऱ्यांविषयी लिहितोय.

तर गेल्या रविवारी मानकापूरला काय झालं ते सांगून संपवतो.

ती नऊ वर्षांची मुलगी आता अकरा वर्षांची आहे. तीन महिन्यांनी ती परत आली होती, रेघेवर येऊन थांबली होती आणि पास झाली होती. तिची आई मात्र त्या दिवसानंतर बदलली. आधी ती मुलीला सोडून निघून जायची, मग थांबू लागली, मग नियम विचारू लागली. या वर्षी टाइमकीपर कमी पडत होते म्हणून सरांनी तिला विचारलं आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली. एका हातात घड्याळ, गळ्यात शिटी. पंच काल्यो म्हणाले की घड्याळ थांबवायचं, केसोक म्हणाले की सुरू करायचं, वेळ संपली की शिटी. सकाळपासून तिने तीसेक फाईट सांभाळल्या होत्या आणि एकदाही गल्लत केली नव्हती.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिच्या मुलीची फाईट आमच्याच मॅटवर लागली. मी म्हटलं, "ताई, दुसऱ्या कुणाला बसवू का?" कायद्याने तेच बरोबर होतं. पण बाकी सगळे मॅटवर गुंतलेले होते. सरांनी समोरच्या कोचला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "बसू द्या. सकाळपासून पाहून राह्यलो त्याईले."

दोघींनी एकेक फेरी जिंकलेली. तिसऱ्या फेरीत आमची मुलगी दोन गुणांनी मागे होती. ताई तिच्याकडे बघतच नव्हत्या. नजर घड्याळावर आणि कान पंचांकडे. शेवटचे पाच सेकंद. मुलीने पाय बदलला, पुढे आली, आणि शिटी वाजली. शिटीचा आवाज विरतो न विरतो तोच तिची लाथ समोरच्या मुलीच्या हेड गार्डवर बसली. स्वच्छ, पूर्ण, तीन गुणांची. हॉलच्या आमच्या बाजूने ओरडा झाला. कोपऱ्यातल्या दोघांनी बटण दाबलं होतं. फलकावर आमची मुलगी एका गुणाने पुढे.

पंचांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि टेबलाकडे पाहिलं.

ताई उभ्या राहिल्या. घड्याळ पुढे धरलं, त्यावर शून्य होतं. म्हणाल्या, "वेळ आधी संपली होती, सर. शिटी आधी आहे."

पंचांनी ते तीन गुण काढायला लावले. मुलीने हेड गार्ड काढलं, पंचांना वाकून नमस्कार केला, समोरच्या मुलीला केला, मग समोरच्या कोपऱ्यात जाऊन त्या कोचला केला. तोही तिच्याइतकाच वाकला. मग ती आमच्या टेबलाकडे आली, आईच्या पिशवीतली बाटली काढली आणि उभ्या उभ्या घटाघटा पाणी प्यायली. दोघी एकमेकींशी काही बोलल्या नाहीत. मुलीने रिकामी बाटली परत पिशवीत ठेवली आणि जाता जाता आईच्या खांद्यावर हात टेकवला.

मॅटवर पुढची नावं पुकारली जात होती. ताईंनी बाहीने डोळे पुसले आणि घड्याळ परत दोन मिनिटांवर लावलं.